लाइन काढली आणि रस्ता दिसू लागला

ग्रान टुरिस्मो ७ या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये रस्ता समजावून देणाऱ्या मदती वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. रस्त्यावर आखलेली रेसिंग लाइन वेगळी, ब्रेक कुठे लावायचा ते दाखवणारा पट्टा वेगळा, वळणाशी दिसणारे मार्कर वेगळे. बहुतेक जण सगळं एकदम चालू ठेवतात आणि मग कधी तरी कुणी डिवचलं की सगळं एकदम बंद करतात. मी एकेक करून काढलं. कोणती मदत आधी काढायची यावर पुढचं शिकणं बरंच अवलंबून असतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गेमसाठी नव्याने व्हील, म्हणजे गाडीसारखं स्टिअरिंग, घेतलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

माझं साहित्य साधं आहे. प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल, जेवणाच्या टेबलाला आवळलेलं लॉजिटेकचं जी २९ व्हील, आणि पेडल भिंतीला टेकवलेली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी ती मागे सरकत नाहीत. भाचा शिकायला माझ्याकडे राहतो. व्हील आणायचा हट्ट त्याचा होता, पण त्यावर जास्त बसते मी.

लाइन म्हणजे काय ते आधी सांगते. वळणात शिरताना गाडी बाहेरच्या कडेला ठेवायची, मध्ये आतल्या कडेला टेकवायची, निघताना पुन्हा बाहेर जाऊ द्यायची. आतल्या कडेच्या त्या बिंदूला ॲपेक्स म्हणतात. असं केलं की वळणाची त्रिज्या वाढते, आणि त्रिज्या वाढली की टायरची पकड तेवढीच असूनही जास्त वेगाने वळता येतं. गेम हा मार्ग आधीच काढून ठेवतो आणि रस्त्यावर रंगवतो. २००५ च्या पहिल्या फोर्झा मोटरस्पोर्ट या गेमपासून ही रंग बदलणारी रेष खूप लोकांच्या सवयीची झाली: वेग बरोबर असेल तर एक रंग, जास्त असेल तर पिवळा, फारच जास्त असेल तर लाल. फॉर्म्युला वनच्या गेममध्ये ती पूर्ण दाखवा, फक्त वळणांपुरती दाखवा, किंवा बंद करा, असे पर्याय असतात. म्हणजे बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे की ही टप्प्याटप्प्याने सोडायची गोष्ट आहे.

मला ती सोडावीशी वाटली ती सुझुकामुळे. जपानमधला हा ट्रॅक ५.८०७ किलोमीटरचा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडून जाणारा. मी तिथे लाइन लावून रोज संध्याकाळी चालवत होते आणि माझ्या वेळा चांगल्या येत होत्या. एकदा जेवताना भाच्याने विचारलं, "मावशी, डेग्नरचं दुसरं वळण संपलं की पुढे काय येतं?" मला आठवेना. हातांना ठाऊक होतं, डोळ्यांना नव्हतं. त्याने ताटातच बोटाने आखून दाखवलं: पुलाखालून जायचं, उजवीकडे हलकं वळायचं आणि मग हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं आवळ वळण. त्या पुलाखालून मी कितीदा गेले असेन, पण तो पूल मी पाहिलाच नव्हता, कारण माझी नजर सतत गाडीच्या नाकासमोरच्या रंगीत पट्टीवर होती.

हे माझ्यापुरतंच असेल असं वाटून मी थोडं वाचलं. मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोघांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं होतं की वळणदार रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस वळणात शिरण्याच्या एक-दोन सेकंद आधीपासून वळणाच्या आतल्या कडेकडे पाहू लागतो. ती कड जिथे नजरेला सर्वांत आत आलेली दिसते, त्या बिंदूकडे. पुढे २००१ मध्ये इंग्लंडमधल्या मॅलरी पार्क ट्रॅकवर एका रेसिंग ड्रायव्हरच्या नजरेचा अभ्यास झाला. गाडी पुढे किती वळणार आहे त्याचा अंदाज घेऊन तो साधारण सेकंदभर आधीच डोकं त्या बाजूला वळवत होता. म्हणजे नजर आधी, गाडी नंतर. रंगवलेली लाइन नेमकं याच्या उलट करायला लावते. ती डोळ्यांना जवळ ओढून आणते.

मग मी ट्रॅक बदलला. सुझुका शिकायला मोठा आहे. एक वळण बिघडलं की ते पुन्हा यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर आपण नेमकं काय केलं होतं ते विसरायला होतं. मी त्सुकुबा निवडला. इबाराकी प्रांतातला हा ट्रॅक २.०४५ किलोमीटरचा आहे. गाडी घेतली माझदा रोडस्टर, २०१५ ची. वजन ९९० किलो, ताकद १३१ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती), आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी. ही गाडी संथ आहे म्हणून नाक मुरडणारे खूप आहेत, पण शिकण्यासाठी मला याहून चांगली गाडी माहीत नाही. काय चुकलं ते ती लगेच आणि स्पष्ट सांगते. ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली जातो, चटकन सोडला की वर येतो, आणि पुढच्या टायरची पकड गेली की स्टिअरिंग हातात हलकं पडतं. जास्त ताकदीच्या गाडीत हे सगळं इतक्या पटकन घडतं की नवख्याला त्याचा अर्थ लागत नाही.

पहिल्यांदा मी फक्त ब्रेकचा पट्टा बंद केला. लाइन आणि मार्कर तसेच ठेवले. इथे माझं मत अनेकांच्या उलट आहे. बऱ्याच ठिकाणी सल्ला असा मिळतो की आधी लाइन काढा, ब्रेकच्या खुणा राहू द्या. मला हे पटत नाही. वळणात गाडी कुठून न्यायची हे थोडा विचार केला तर कळतं. बाहेर, आत, बाहेर, एवढंच तर आहे. अवघड असतो तो ब्रेक: किती लवकर, किती जोरात, आणि कधी सोडत आणायचा. तीच गोष्ट गेमकडे सोपवली तर शिकायचं काय उरलं?

शिवाय रंग पाहून ब्रेक लावण्यात एक मूळची अडचण आहे. रंग बदललेला दिसणं, मेंदूला कळणं आणि पाय हलणं, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. पाचव्या हिश्श्यात गाडी ८ मीटर पुढे गेली. आज पाय थोडा लवकर हलला, उद्या थोडा उशिरा, की ब्रेकची जागा दर फेरीला बदलत राहते. रस्त्याकडेच्या पाटीचं तसं नसतं. ती दुरून दिसते, जवळ येताना दिसते, आणि पाय तिच्यासाठी तयार होऊन बसतो. अमुक जागी दाबायचं हे आधीच ठरलेलं असतं. पट्टा काढल्यावर माझ्या ब्रेकच्या जागा आठवडाभर अस्ताव्यस्त होत्या, आणि नंतर त्या पूर्वीपेक्षा पक्क्या झाल्या.

या खुणा शोधण्याचं काम मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडलं. पहिल्या वळणाला अंतराची पाटी सहज सापडली. बाकी ठिकाणी पाट्या कामाच्या नव्हत्या. तिथे मी अगदी सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, नुसती बघत फिरले. कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेचा रंगवलेला उंचवटा, कुठे सुरू होतो, डांबराचा रंग कुठे बदलतो, कुंपणाचा खांब कुठे आहे, आधीच्या गाड्यांचे टायरचे काळे ओरखडे कुठे सुरू होतात. हे ओरखडे फार बोलके असतात. इथे लोक ब्रेक दाबतात, असं ते उघड सांगतात. सावलीची खूण मात्र घेऊ नये. गेममध्ये दिवस पुढे सरकतो तशी ती सरकते. मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या माणसाच्या, टपरीसारखी हलत नाही अशी गोष्ट निवडावी, आणि ती नजरेच्या रेषेत असावी. मान वळवून पाहावी लागली तर ती खूण निरुपयोगी.

ब्रेकच्या जागा बसल्यावर मी लाइन काढली. पहिल्या फेऱ्यांत रस्ता एकाएकी रुंद वाटला. इतकी जागा होती आणि मी तिच्या एका पट्टीवरूनच जात होते! वेळ लगेच बिघडली, फेरीला काही सेकंद जास्त लागू लागले. इथेच बहुतेक जण लाइन परत लावतात. भाच्याचं म्हणणं होतं की हा घसरणीचा काळ लागणारच. हालचाली शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये हेच मांडलं होतं: सतत मदत मिळत राहिली तर ती असेपर्यंत काम छान होतं, पण माणूस त्या मदतीवर विसंबतो आणि ती काढली की कामगिरी पडते. माझी वेळ बिघडली, कारण मी ट्रॅक शिकलेच नव्हते, लाइन शिकले होते. म्हणून मी वेळ दाखवणारा आकडा पडद्यावरून काढून टाकला आणि काही दिवस तो पाहिलाच नाही.

त्सुकुबाचं शेवटचं वळण हे माझ्या मते या ट्रॅकचं खरं शिक्षण. मागच्या लांब सरळ रस्त्यावरून वेगात यायचं आणि उजवीकडे एक लांबच लांब, संपता संपत नाही असं वळण घ्यायचं. ते संपलं की लगेच सुरुवातीचा सरळ रस्ता. त्यामुळे इथून बाहेर पडताना जो वेग असेल तो पूर्ण सरळ रस्ताभर आपल्या सोबत राहतो. लाइन असताना मी ते गुळगुळीत घ्यायचे. लाइन गेल्यावर एक ओढ जाणवली: आतली कड समोर दिसते आणि हात आपोआप तिकडे वळतात. लवकर वळलं की ॲपेक्स लवकर येतो, त्या क्षणी सगळं छान वाटतं, आणि मग अर्धं वळण शिल्लक असताना गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. तिथे ॲक्सेलरेटर सोडावाच लागतो. म्हणजे जिथे वेग वाढवायचा नेमका तिथे तो जातो.

उपाय म्हणजे थांबणं. बाहेरच्या कडेला धरून राहायचं, आतली कड बोलावत असली तरी जायचं नाही, आणि वळणाचा बाहेर पडायचा भाग डोळ्यांना दिसू लागला की मग आत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करताना पोटात गोळा येतो, कारण बाहेर गवत असतं. हलका ब्रेक लावून शिरायचं, स्टिअरिंग वळवत जाऊ तसा ब्रेकचा दाब कमी करत आणायचा, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि गाडी वळायला राजी असते. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. लाल पट्टा संपला की ब्रेक सोडायचा, या सवयीत हे शिकताच येत नाही. पट्टा जोर दाखवत नाही, फक्त जागा दाखवतो. ज्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या वळणातून ॲक्सेलरेटर अजिबात न सोडता बाहेर पडले, तेव्हा शेजारच्या खोलीतून भाचा धावत आला, इतकी मी ओरडले होते. त्याने रिप्ले बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, "आता तू दुसऱ्या हेअरपिनचं बघ, तिथे अजून घाई करतेस." त्याचं बरोबर होतं. तिथून पुढे मागचा सरळ रस्ता आहे, तेव्हा तोच नियम तिथेही लागतो.

घोस्टबद्दल दोन शब्द. भाच्याची सर्वांत चांगली फेरी पारदर्शक गाडी म्हणून माझ्यापुढे धावताना ठेवता येते. ती मी चालवताना बंदच ठेवली. तिच्यामागे जाणं म्हणजे चाकं लावलेल्या लाइनमागे जाणं. फेऱ्या संपल्यावर मात्र दोघांचे रिप्ले पाहायचो, कुठे तो आधी ॲक्सेलरेटर देतो, कुठे मी उगीच स्टिअरिंग जास्त वळवते. चुकीचं कारण कळण्यासाठी याचा फार उपयोग झाला. गेममधल्या सर्किट एक्स्पिरियन्सचाही झाला. त्यात ट्रॅकचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळा शिकता येतो.

लाइनशिवाय चालवता येण्याचा खरा फायदा इतरांबरोबर शर्यतीत दिसतो. लाइन एकट्या गाडीसाठी आखलेली असते. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी होतो, आपण नेहमीपेक्षा जास्त वेगाने ब्रेकच्या जागेपाशी पोहोचतो, आणि थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी १०० वरून थांबायला जेवढं अंतर लागतं त्याच्या जवळपास दुप्पट १४० वरून लागतं. त्यात पुढची गाडी खुणेची पाटी झाकते. ऑनलाइन शर्यतीत पहिल्या वळणावर जी गर्दी आदळते त्यातली बरीचशी याने होते, असं मला वाटतं: सगळ्यांना एकच पट्टी हवी असते, एकाच जागी. ओव्हरटेक करायचं तर आतून जावं लागतं, तिथून वळण कमी त्रिज्येचं होतं, म्हणून ब्रेक लवकर. वाट अडवायची असेल तर आणखी वेगळा हिशेब. हे मार्ग कुणीच रंगवून ठेवलेले नसतात.

पावसात तर आणखीच. बेल्जियममधल्या स्पा या ट्रॅकवर ७.००४ किलोमीटरमध्ये रस्ता डोंगर चढतो-उतरतो आणि पाऊसही पडतो. खऱ्या ट्रॅकवर नेहमीच्या मार्गावर टायरचं रबर साचलेलं असतं. कोरड्यात ते पकड देतं, ओलं झालं की तेच निसरडं होतं, म्हणून पावसात ड्रायव्हर मुद्दाम बाहेरून जाऊन पकड शोधतात. ग्रान टुरिस्मो ७ मध्ये पाऊस थांबल्यावर गाड्यांच्या वाटेवर आधी कोरडा पट्टा तयार होतो, तो रंगाने ओळखता येतो. स्पाला तो पट्टा पहिल्यांदा मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला, तेव्हा मला फार आनंद झाला. लाइन असती तर मी तो पाहिलाच नसता.

एवढं सगळं म्हणूनही, लाइन लावणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. माझी धाकटी भाची कंट्रोलरवर खेळते, सात वर्षांची आहे, तिला लाइन हवीच, आणि तिने ती हवी तेवढे दिवस ठेवावी. ज्यांना दिवसाकाठी अर्धा तास मिळतो आणि नुसतं छान गाडी चालवून मन मोकळं करायचं आहे, त्यांनीही ठेवावी. मदतीने कुणाकुणाला दार उघडतं ते पाहायचं असेल तर २०२३ ची फोर्झा मोटरस्पोर्ट पाहा. त्यात अंध खेळाडूंसाठी आवाजाच्या खुणा दिल्या आहेत, रस्त्याची कड किती जवळ आहे, वळण कधी येतं, ब्रेक कधी लावायचा हे कानांनी कळतं. अशा मदतीसमोर 'खरा खेळाडू मदत घेत नाही' हे वाक्य टिकत नाही. माझं म्हणणं फक्त ज्याला ट्रॅक शिकायचा आहे त्याच्यासाठी आहे. मी स्वतः जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर, २०.८ किलोमीटरच्या त्या जंगलातल्या रस्त्यावर, सुरुवातीला लाइन लावलीच. पुढे डावीकडे की उजवीकडे हेच कळत नसेल तिथे खुणा कसल्या शोधणार! पण ब्रेकचा पट्टा तिथेही पहिल्यापासून बंद होता.

गेल्या दिवाळीत माहेरी कोल्हापूरला गेलो तेव्हा भाच्याला घेऊन कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या गाड्या ट्रॅकवर चालवायला, गेले. कार्टमध्ये बसले, हेल्मेटची पट्टी आवळली, आणि पहिल्याच फेरीत माझी नजर वळणाच्या आतल्या कडेवर गेली, तिथून बाहेर पडायच्या जागेवर. डांबरावरचा काळा रबराचा पट्टा दिसत होता. तो लाइनसारखाच होता, पण तो माणसांच्या टायरनी काढलेला होता, काही ठिकाणी दोन वाटा फुटलेल्या, म्हणजे तिथे लोकांचं एकमत नव्हतं. मी दोन्ही करून पाहिल्या. कार्टचं शरीरावर येणारं ओझं टेबलाला लावलेल्या व्हीलवर कधी कळत नाही, मनगटं दोन दिवस दुखली, तरी कुठे बघायचं हा प्रश्न मात्र तिथे पडला नाही.

सध्या आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर आहोत, गेममध्ये. तिथलं कॉर्कस्क्रू नावाचं वळण चढाच्या माथ्यावर आहे. पलीकडे रस्ता एकदम सुमारे १८ मीटर खाली उतरतो आणि शिरताना तो दिसतच नाही. दिसतं ते आकाश आणि झाडं. भाचा एका झाडावर नेम धरतो आणि माथ्याच्या बराच आधी ब्रेक सोडायला लागतो. मी त्याच्या शेजारचं झाड धरते, थोडा उशिरा वळते. सध्या त्याची वेळ माझ्यापेक्षा चांगली आहे. झाड बदलायचं की ब्रेक, यावर आमचा रोज वाद चालतो.